पाण्यावरचं झाड

आधी कबुली देऊन टाकते, म्हणजे पुढचं मोकळ्या मनाने लिहिता येईल. पाण्यावर तरंगणाऱ्या फळीवर योगासनं करायला मी तळपायांना तिळाचं तेल चोळून गेले होते. बोटभर नव्हे. वाटीभर, कोमट केलेलं, टाचांच्या भेगांत मुरेपर्यंत. कार्तिकाची पहाट, पाण्याजवळ जायचं, वय अडुसष्ट. आता तेल नाही लावायचं तर कधी लावायचं, असा माझा बिनतोड विचार. वरून मोजे चढवले, चपला घातल्या आणि ऐटीत गाडीत जाऊन बसले.

बरं, एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण तलावाच्या काठाला सात फळ्या ओळीने मांडलेल्या दिसल्या आणि माझ्यातली गिऱ्हाईक बाई जागी झाली. गोल बाजारात एक पातेलं घ्यायचं तर मी सहा वाजवून पाहते. इथेही तरंगायचं जॅकेट अंगात चढवलं, मोजे काढले आणि पहिल्या फळीवर पाय दाबून पाहिला. मग दुसरीवर. तिसरी जरा बरी वाटली. चौथीचा निळा रंग आवडला म्हणून तिच्यावर दोन्ही पाय ठेवले, आणि फळी तिकडे, मी इकडे, मधे नुसतं आकाश. मी गटांगळी खाऊन वर येते तोवर त्या तपासलेल्या तिन्ही फळ्यांवरून तीन बायका, एकीमागून एक, सोललेल्या केळ्यांसारख्या सुळकन पाण्यात गेल्या. त्या दिवशी वर्ग झालाच नाही. माझी नात भांडी घासायचा साबण आणि गाडी पुसायचा स्पंज घेऊन फळ्या घासत बसली आणि मी काठावर टॉवेल गुंडाळून, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने सगळ्यांना प्राणायामाचे फायदे सांगत होते.

हे सगळं आज आठवायचं कारण म्हणजे सकाळी गॅलरीचं दार उघडलं आणि हवेत तो वास आला. कापलेल्या धानाचा, ओल्या पेंढ्याचा, थोडा धुराचा. आमच्या चौबे कॉलोनीत शेत कुठलं! पण कार्तिक लागला की चारी बाजूंची खेडी आपला वास रायपुरात पाठवतात. खाली गल्लीत टोपलीत मातीचे पोपट घेऊन सुआ, म्हणजे पोपटाची गाणी, म्हणत नाचणाऱ्या बाया टाळ्या वाजवत फिरत होत्या. त्या टाळ्यांची लय माझ्या पायांच्या बोटांत उतरली. खरं सांगते, बोटं आपोआप फाकली. दोन वर्षांपूर्वीचा तो कार्तिक अजून माझ्या तळपायांत आहे.

इरा, म्हणजे माझ्या लेकाची लेक. पुण्याची नोकरी सोडून आली आणि म्हणाली, "आजी, मैं पैडल बोर्ड पे योगा सिखाऊँगी।" ही पोट्टी मराठी सगळं समजते, उत्तर मात्र हिंदीत देते. मला वाटलं बोर्ड म्हणजे शाळेतला फळा. मग तिने हॉलमध्ये एक गुंडाळी उलगडली, पंप लावला आणि फुसफुस करत दहा-अकरा फुटांची, खाटेसारखी कडक फळी सोफ्यापासून देवघरापर्यंत फुगून बसली. हे पाण्यात टाकायचं, वल्हं मारत आत जायचं आणि वर आसनं करायची. घोट्याला एक पट्टा बांधायचा, तो फळीला जोडलेला असतो. माणूस पडला तरी फळी पळून जात नाही. अंगात नारिंगी जॅकेट. नवा रायपूरच्या बाजूला एक शांत तलाव आहे, तिथे रोज सकाळी वर्ग.

माझे कान टवकारले. का नाही टवकारणार? आमच्या कॉलोनीच्या बागेत तीस वर्षं मी बायकांना योग शिकवलाय. फुकट, पण फार तोऱ्यात. चाळिशीतली मी कशी होते ते आठवलं की मला तिला एक चापट मारावीशी वाटते. गळ्यात शिट्टी. पांढरी सलवार, तिला धारदार इस्त्री. वृक्षासनात कुणाचा पाय डुगडुगला की मी तिच्याजवळ जाऊन म्हणायची, "मन चंचल आहे तुमचं, मन!" जणू काही माझं मन देवघरातल्या समईसारखं स्थिर होतं. अहो, त्याच वेळी मनात चालू असायचं की हिची साडी कुठली, आणि घरी गॅसवरची डाळ उतू गेली की काय.

पाण्यावर पहिल्यांदा गुडघ्यांवर बसले, तेलाच्या दुसऱ्या दिवशी, धुतलेल्या कोरड्या पायांनी, तेव्हा ही सगळी मास्तरकी दोन मिनिटांत ओसरली. मार्जारासन. जे मी झोपेतही करीन. पाठ वर केली तर फळी डावीकडे झुकली. मी उजवीकडे सावरले तर तीही उजवीकडे आली. जमिनीवरचं आसन आपलं एकटीचं असतं हो. पाण्यावरचं आसन अर्धं तलावाचं असतं. तुम्ही हात उचला, तो खालून विचारतो, उचललास का? तुम्ही श्वास सोडा, तोही सोडतो. दूर कुणी पाणकोंबडी डुबकी मारते आणि तिची लाट येऊन तुमच्या गुडघ्याला सांगते की मी आत्ता इथून गेले.

आणि ते शवासन! फळीवर उताणं पडायचं, हात दोन्हीकडून पाण्यात सोडायचे. धुकं पाण्यावरून उठत असतं, सूर्य अजून केशरी, कोवळा. बोटांच्या टोकांना गार, पाठीला रबराची ऊब. खालून पाणी टुकटुक करतं. पोटात लेकरू असताना ते आतून लाथ मारायचं, तसंच. फक्त आता लाथ बाहेरून येत होती आणि आत मी होते. मला त्या पहिल्या दिवशी इतका आनंद झाला की शवासनात हसू नये हा माझाच तीस वर्षांचा नियम मीच मोडला, मोठ्याने.

"आजी, शवासन में मुर्दे हँसते नहीं," इरा म्हणाली.

"हा मुर्दा नवीन आहे," मी म्हटलं.

घरी येताना गाडीत सगळ्या बायका एकदम बोलायच्या. वाटेत एका टपरीवर गरम फरा खायचो. तांदळाच्या पिठाच्या त्या वाफाळत्या वळकट्या, वर मोहरी-तिळाची फोडणी, सोबत टमाट्याची चटणी. केस ओले, नाक लाल, आणि तोंडात घास घेऊन जो तो आपण आज किती अंशात झुकलो ते हाताने दाखवतोय. शाळेच्या सहलीत मी इतकी खूश नव्हते. हे, म्हणजे आमचे मालक, रेल्वेतले निवृत्त गार्ड, रोज बरोबर यायचे. ते काठावर घडीची खुर्ची टाकून, पॉलिश केलेले बूट घालून, मांडीवर थर्मास घेऊन बसायचे आणि जो भेटेल त्याला सांगायचे, "ते निळ्या फळीवरची दिसते नं? आमची मिसेस. पवनारची मासोळी आहे. वर्धेची पोट्टी, नदीत वाढलेली."

आणि इथेच माझ्या आनंदात एक खडा होता.

मला पोहता येत नाही.

कधीच येत नव्हतं. पवनारच्या धाम नदीत मी घोट्याच्या वर कधी गेले नाही, आणि गेले तेव्हा आईचा पदर सोडला नाही. पण एकवीस वर्षांची मी, पाहुणे बघायला आले तेव्हा, मावशीची मोरपंखी साडी नेसून, मान अशी वर करून बसले होते की जणू तेच बघून घ्यायला आले आहेत आणि मीच त्यांना नापास करणार आहे. सासरे रेल्वेतलेच, रायपूरला पुरानी बस्तीत घर. त्यांनी सहज विचारलं, "आमच्या इकडं तलाव लय आहेत बापा. पोहता येते का पोरीले?" मला भरतकाम येत नव्हतं, गाणं बेसूर, स्वयंपाकात फक्त वरणभात. 'येत नाही' म्हणायची ही चौथी वेळ आली असती. मी पापणीही न लवू देता म्हटलं, "हो, येतं की. नदीतच तर वाढले."

समोर बसलेल्या उंच, सावळ्या मुलाने त्या वेळी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याने माझं लग्न झालं, असं मला वाटत आलंय. म्हणून ते खोटं पुढे कधी परत घेता आलं नाही.

लग्नानंतरचा पहिला कार्तिक पुरानी बस्तीत आला आणि मी फसले. इकडे पोरीबाळी, बायका, सगळ्या जणी महिनाभर पहाटे तलावावर आंघोळीला जातात. शेजारची दुलारी, माझ्याच वयाची, खिडकीखाली येऊन हाक मारायची, "चल न भउजी, तरिया जाबो!" वहिनीला भउजी, तलावाला ती तरिया म्हणायची आणि तो शब्द ऐकला की मी खिडकी लोटून घ्यायची. पण मी हुशार! इकडचा कार्तिक शरद पुनवेनंतर लागतो, आपला मराठी कार्तिक दिवाळीनंतर. मी कॅलेंडर घेऊन सासूबाईंसमोर उभी. म्हटलं, "आमचा कार्तिक अजून लागलाच नाही. पंधरा दिवस आहेत. आधीच आंघोळ करून पुण्य वाया कशाला घालवू?" सासूबाईंना त्यात काहीतरी फार शास्त्रीय आहे असं वाटलं. पंधरा दिवस सुटले. मग दिवाळी झाली, आपलाही कार्तिक लागला, आणि त्याच दिवशी माझा कान दुखायला लागला.

तो कान अकरा कार्तिक दुखला. कापसाचा बोळा घालून मी पायऱ्यांवर बसायची, सगळ्यांचे कोरडे कपडे राखत. पोरी पाण्यात उतरायच्या, किंचाळायच्या, पानांवर दिवे सोडायच्या. दिवे थरथरत आत जायचे आणि मी वरून, अंगभर शाल घेऊन, सूचना करायची. "दुलारी, इतकी आत नको जाऊ. पाण्याला ओढ आहे." मासोळीचा सल्ला! दुलारी बिचारी ऐकायचीसुद्धा. एकदा तर सासऱ्यांनी रेल्वेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरला घरी आणलं. त्यांनी कानात बॅटरी मारून पाहिलं, म्हणाले, कान तर उत्तम आहे. मी तत्काळ म्हटलं, "दुसरा."

आज हसू येतं. पण त्या पायऱ्यांवर बसून ओल्या पोरींकडे बघताना मला काय वाटायचं, ते मी हसण्यावारी नेऊ शकत नाही. त्या आनंदात भिजत होत्या आणि मी त्यांचे कपडे मोजत होते.

तर, इराच्या वर्गाचा पहिला कागद आला. नाव, वय, आजार, आणि तळाशी, तैरना आता है? हाँ, नहीं. मी पेन उचललं. हे खांद्यावरून वाचत होते. म्हणाले, "याच्यात काय विचार करून राहिली? मार टिक." मी मारली टिक. सत्तेचाळीस वर्षांचं खोटं, त्यात एक बारीक रेघ आणखी.

इतके दिवस निभावलंही. तलावात काठाजवळ दोरी बांधलेली होती, तिच्यावर पिवळे गोळे. दोरीच्या अलीकडे पाणी छातीएवढं. आम्ही सगळ्या अलीकडेच. तेलाच्या दिवशी पडले तेव्हा इरा काठावरून ओरडली होती, "आजी, तैर के आ जाओ ना!" आणि मी जॅकेटमुळे बुचासारखी वर आले, फळीचा लोंबता पट्टा धरून ती जवळ ओढली, तिला मिठी मारली आणि तशीच पाय मारत काठाला लागले. सगळ्यांना वाटलं, काय मस्त पोहते म्हातारी.

पण इराच्या मनात पुनवेचा बेत होता. कार्तिक पुनवेला, म्हणजे जिथे आपला कार्तिक आणि इकडचा कार्तिक एकाच दिवशी भेटतात तिथे, तिने सगळ्यांना तलावाच्या मध्यावर न्यायचं ठरवलं होतं. तिथे फळ्या फुलाच्या पाकळ्यांसारख्या एकमेकींना बांधायच्या आणि सूर्य वर येताना सगळ्यांनी एकदम उभं राहायचं. ज्यांना पोहता येत नाही त्यांनी दोरीच्या अलीकडे थांबायचं. वर्गातल्या फक्त वर्मा आंटी 'नहीं'मध्ये होत्या. त्या रोज हळहळायच्या. मी रोज त्यांची समजूत घालायची. बघा, अडुसष्टाव्या वर्षीही मी पायऱ्यांवरूनच सल्ले देत होते.

पुनवेच्या चार दिवस आधी इरा सरावाला म्हणून मला एकटीला दोरीपाशी घेऊन गेली. ती तिच्या फळीवर उभी, मी माझ्या फळीवर गुडघ्यांवर. तिने वल्ह्याने दोरी उचलून धरली, दार उघडून धरावं तशी. "चलो आजी। आप पहले। आप तो मछली हो।"

दोरीपलीकडचं पाणी वेगळ्या रंगाचं होतं. हिरवं संपून काळपट. त्यावर एक पिवळं पान स्थिर पडलेलं. मला जायचं होतं. फार जायचं होतं. मी वल्हं पाण्यात घातलं आणि माझ्या तोंडातून निघालं, "इरा, मले पोहता येत नाही."

"आजी, मज़ाक मत करो।"

"मजाक नाही. कधीच येत नव्हतं."

दोरी तिच्या वल्ह्यावरून निसटून पाण्यात पडली. छप्.

"फॉर्म में आपने..."

"खोटं लिवलं."

"आबा को पता है?"

"नाही."

"पापा को?"

"कोनालेच नाही."

ती काठाकडे बघत राहिली. तिकडे हे थर्मासचं झाकण हलवून आम्हाला 'चला, चला' करत होते. मला वाटलं आता ही हसेल, मग मीही हसेन, मिटेल. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. हळू आवाजात म्हणाली, "इतने दिन मेरी आँख वर्मा आंटी पे थी। आपकी तरफ़ मैंने देखा ही नहीं। आपको कुछ हो जाता तो, आजी? मुझे पता तो होना चाहिए ना कि देखना किसको है।"

मी तीस वर्षं शिट्टी घेऊन फिरले, पण शिकवणं म्हणजे हे, हे मला त्या दोरीपाशी कळलं. मी बायकांचे डुगडुगते पाय बघत आले. ही पोट्टी, डुगडुगलं तर पकडायचं कुणाला, ते बघत होती. आणि तिचे डोळे मी माझ्या एका तोऱ्यासाठी चुकीच्या बाजूला वळवून ठेवले होते. तिच्या पहिल्याच वर्गाला गालबोट लागलं असतं, तेही घरच्या म्हातारीने लावलेलं.

"नाव कापतेस का माझं?" मी विचारलं. माझ्या बागेत असतं तर मी कापलं असतं.

तिने नाक पुसलं. मग शिक्षिकेच्या आवाजात, माझ्याच आवाजात खरं तर, म्हणाली, "नाम नहीं कटेगा। पहले गिरना सीखो। फिर पीठ पे तैरना। और आबा को आप ख़ुद बताओगी। मैं नहीं बताने वाली।"

पुढचे तीन दिवस मी पडायला शिकले. हो, पडायला! इतकी वर्षं न पडण्याचे धडे दिले आणि आता छातीएवढ्या पाण्यात एक बावीस-तेवीस वर्षांची पोरगी मला सांगत होती की गिरो, आजी, अच्छे से गिरो. पहिल्यांदा पडले ती डोळे घट्ट मिटून, देवाचं नाव घेत. नाकात पाणी गेलं, तलावाचा सगळा इतिहास घशात उतरला. दुसऱ्यांदा इरा म्हणाली, आँख खोल के. पाण्याखाली डोळे उघडले तर हिरवा उजेड! ढवळलेल्या चहासारखी माती गोल फिरतेय, माझेच हात समोर, पांढुरके, नवीन कुणाचे तरी. चौथ्या वेळी मी पडताना जीभ बाहेर काढली. सातव्या वेळी पाठीवर पडले आणि पडूनच राहिले. इराचा तळवा डोक्याखाली, कान पाण्यात. त्या कानांत, अकरा वर्षं खोटे दुखलेल्या त्या कानांत, तलाव गुणगुणत होता. मग कळलं की तळवा केव्हाचा काढलेला आहे.

काठावरून आवाज आला, "अवं, सारखी सारखी पडून काहून राहिली?"

"सराव करून राहिली!" मी ओरडले.

"मासोळीले सराव कायले लागते?"

इराने माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा पाण्यात पडले. उत्तर टाळायला पाणी फार बरं.

पुनवेची सकाळ. गार हवा अशी की दात आपोआप वाजावेत. काठावर कुणीतरी आधीच पानांवर दिवे सोडून गेलं होतं, दोन-तीन अजून तेवत होते. पश्चिमेला चंद्र, फिका, घाईघाईत निघालेला. पूर्वेला नुसती केशरी रेघ. इराने माझ्या फळीला तिच्या फळीची दोरी बांधली आणि आता नियम दोघींना सारखा, म्हणून वर्मा आंटींनाही तशीच बांधून घेतली. "मोटी दोरी, दो आजियाँ," ती म्हणाली. आंटी माझ्याहून आठ वर्षांनी लहान, त्या आजी म्हटल्यावर खवळल्या. हसत हसतच आम्ही पिवळे गोळे ओलांडले.

काळपट पाण्यावर आल्यावर ती जुनी भीती आली. आली खरी, पण या वेळी तिला सांगता आलं की बस बाई, तुझीही जागा आहे फळीवर. मध्यावर फळ्या जोडल्या. धुकं आमच्या कमरेपर्यंत. आवाज नाही, फक्त पाणी रबराला लागतं तो, आणि सात बायकांचा श्वास. सूर्याची कड दिसली आणि इरा म्हणाली, "उठो।"

आधी गुडघे. मग एक पाऊल. मग दुसरं. पाय डुगडुगत होते, चांगलेच. मन चंचल होतं, हो होतं, उड्या मारत होतं! मी दोन्ही तशीच राहू दिली. पलीकडच्या काठावर एक मोहाचं झाड होतं, त्याच्या बुंध्यावर नजर बांधली. डावा पाय उचलून उजव्या पोटरीला लावला. हात वर. तलाव खालून म्हणाला, उभी आहेस का? मी म्हटलं, आहे. इरा सांगते की मी अकरा श्वास उभी होते. मला विचाराल तर मी अजून उभीच आहे. पुरानी बस्तीतल्या त्या शालवालीला, त्या कपडे राखणारीला, कुणीतरी खांद्याला धरून पाण्याच्या मधोमध आणून ठेवलं होतं, आणि ती थरथरत होती, झाड थरथरतं तशी, आणि पडत नव्हती. मग पडली. दणदणीत पडली, वर्मा आंटींना घेऊन. वर आले तेव्हा सगळा तलाव सोनेरी झाला होता आणि माझ्या तोंडात पाणी, जॅकेट गळ्यापर्यंत वर चढलेलं, आणि मी किंचाळत होते, ज्या पोरींना मी पायऱ्यांवरून गप्प करायची त्यांच्यासारखी.

काठावर आले. ह्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला, झाकणात चहा ओतला. इरा फळ्या ओढायच्या निमित्ताने दूर गेली, पण वीस पावलांवरून तिचे डोळे माझ्यावर होते. योग्य बाजूला, या वेळी.

"अहो, एक सांगायचं होतं."

"साखर नाही टाकली. माहीत आहे मले."

"ते नाही. मला पोहता येत नाही. तेव्हाही येत नव्हतं. तुमच्या बाबांना खोटं सांगितलं मी."

ह्यांनी थर्मासचं बूच फिरवून बंद केलं, उघडलं, परत बंद केलं. तलावाकडे बघत बसले. गार्डाच्या डब्यातून मागे पडणारे रूळ बघत असावं, तसे.  सत्तेचाळीस वर्षांनी एखाद्याला सांगायचं की तू मान वर करून ज्या मुलीकडे पाहिलंस ती नव्हतीच. याला काय म्हणायचं असतं, मला माहीत नव्हतं.

"अन् राजिमले?" शेवटी ते म्हणाले.

"काय राजिमले?"

"भर श्रावणात नदीतल्या कुलेश्वराच्या देवळाले गेलो नावेतून. पाणी हे एवढं. नाव हालून राहिली होती, आपला मुन्ना, इराचा बाप, सहा महिन्यांचा तुह्या मांडीवर. सारे लोक रडून राहिले होते अन् तू गाणं म्हणून राहिली होती."

"भीतीनं म्हणत होते हो. जीव घशात आला होता. पण म्हटलं, तुम्ही शेजारी आहात नं. काय झालं तर तुम्ही आहात."

ते माझ्याकडे वळले. मिशीत काहीतरी हललं. त्यांनी चहाचं झाकण माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मले कुठं येते वं पोहता? मी तं पूरा वेळ तुह्या भरवशावर बसलो होतो."